एका दिवसाची सायकल-सहल

ठाणे जिल्ह्याच्या भूमीची रचना मोठी विविध आहे. पश्चिमेस खाडी, पूर्वेस सह्याद्रीची उभी भिंत आणि या दोहोंच्या मध्ये डोंगरांच्या लहानमोठ्या सोंडा, असे तिचे रूप आहे. समुद्राच्या भरतीचे पाणी उल्हास नदीच्या मुखातून आत शिरते आणि थेट कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी येऊन थडकते. त्याच कल्याणातून दक्षिणेकडे नजर टाकली, तर मलंगगडाचा कातळ आकाशात घुसलेला दिसतो. ठाणे, डोंबिवली आणि कल्याण येथील मुले हे डोंगर रोज आगगाडीच्या खिडकीतून पाहतात. त्यांच्या पायथ्यापर्यंत आपल्या पायांच्या बळावर जावे, असे त्यांच्यापैकी कित्येकांना वाटत असते. सायकलीवर बसता येणाऱ्याला ही इच्छा पुरी करता येते. सकाळी निघून सायंकाळी घरी परतता येईल, अशा अनेक वाटा या मुलखात आहेत. परंतु इच्छा आणि तिची पूर्तता यांच्यामध्ये एक पायरी असते. योजना हे तिचे नाव. पुष्कळ सहली फसतात, त्या पाय थकल्यामुळे नव्हे, तर ही पायरी गाळल्यामुळे.

प्रवास आखून करावा, हा विचार या मुलखाला नवा नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळी, कल्याण हे नामांकित बंदर होते. तेथे उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादून व्यापाऱ्यांचे तांडे नाणेघाट चढत आणि जुन्नरकडे जात. नाणेघाटात कातळ खोदून केलेली लेणी आणि पाण्याची टाकी आजही पाहावयास मिळतात. दमलेल्या माणसाला विसावा आणि तहानलेल्या जिवाला पाणी कोठे मिळेल, हे ज्यांनी आधी ठरविले, त्यांनीच ती टाकी खोदविली. मुक्काम किती अंतरावर करावा, चढ कोणत्या वेळी चढावा आणि पाणी कोठे भरून घ्यावे, हे तीन प्रश्न त्या तांड्यांपुढे होते. सायकलस्वारापुढेही आज तेच प्रश्न असतात.

सायकलीवरील प्रवासाचे एक थोर उदाहरण मुंबईचेच आहे. १९२३ साली सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलींवरून जगप्रवासास निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ साली प्रवास पुरा करून परत आले. वाळवंटे, डोंगर आणि अनोळखी देश ओलांडीत त्यांनी सुमारे ७१,००० किलोमीटर अंतर कापले. एवढा मोठा प्रवासदेखील अखेर एकेका दिवसाच्या प्रवासानेच पुरा होतो. ज्याला एक दिवस नीट आखता आला, त्याला प्रवासाची किल्ली सापडली असे म्हणता येईल.

आता एक प्रत्यक्ष योजना पाहू. समजा, कल्याणमधील पाच मुले आणि दोन जाणती माणसे अशी सात जणांची तुकडी सहलीस निघणार आहे. त्यांचा मार्ग असा : कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, बारवी धरण, मुरबाड, गोवेली, रायते आणि पुन्हा कल्याण. हा एक वळसाच आहे. जाताना बदलापूरनजीक आणि येताना रायते येथे, अशी उल्हास नदी दोनदा ओलांडावी लागते. सगळे अंतर सुमारे पाऊणशे किलोमीटर भरते. अंबरनाथ येथे इसवी सन १०६० मधील शिलालेख असलेले प्राचीन शिवमंदिर आहे. बदलापूरच्या पुढे वस्ती विरळ होते आणि रस्ता रानात शिरतो. बारवी धरणापासून मुरबाडपर्यंत चढउतार लागतात. मुरबाडच्या परिसरातून पूर्वेस पाहिले, म्हणजे सिद्धगड आणि गोरखगड यांसारखे डोंगर व त्यांच्यामागे सह्याद्रीची मुख्य रांग दिसते.

योजनेचा पहिला भाग ऋतू निवडण्याचा. पावसाळ्यात हा मुलूख हिरवागार आणि मनोहर दिसतो. तथापि या वाटेवर मुलांनी सायकली घालण्याचा तो काळ नव्हे. मोठ्या पुरात रायत्याच्या पुलावरून पाणी जाते आणि वाहतूक थांबते. २०१९ च्या जुलै महिन्यात उल्हास नदीला असा पूर आला, की बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकून पडली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना नावांतून बाहेर काढावे लागले. ज्या पाण्याने आगगाडी अडविली, त्याच्यापुढे सायकलीचा काय पाड? उन्हाळ्यात ऊन आणि दमट हवा यांमुळे अंगातले बळ लवकर सरते. म्हणून जानेवारी महिना उत्तम. सकाळी हवा गार असते, भाताची कापणी होऊन गेलेली असते आणि शेतांत कोठे कोठे वाल उभे असतात.

जानेवारीत एक उणीव मात्र आहे. दिवस लहान असतो. महिन्याच्या आरंभी या भागात सूर्य सुमारे सव्वासात वाजता उगवतो आणि सहा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास मावळतो. म्हणजे हाती उजेडाचे अकरा तास येतात. या अकरा तासांत पाऊणशे किलोमीटर बसतील काय, हे गणित करून पाहिले पाहिजे.

या गणितात पुष्कळ जण एक चूक करतात. सपाटीवर आपली सायकल तासाला पंधरा किलोमीटर जाते, म्हणून पाऊणशे किलोमीटरांना पाच तास पुरतील, असे ते धरून चालतात. चढावर गेलेला वेळ उतारावर भरून निघेल, अशीही त्यांची समजूत असते. ती खरी नाही. सहा किलोमीटरांचा चढ ताशी सहा किलोमीटर वेगाने चढला, तर एक तास लागतो. तोच सहा किलोमीटरांचा उतार ताशी अठरा किलोमीटर वेगाने उतरला, तर वीस मिनिटे लागतात. एकूण बारा किलोमीटरांना ऐंशी मिनिटे लागली. सहा आणि अठरा यांच्या मधला आकडा बारा असला, तरी खरा सरासरी वेग ताशी नऊ किलोमीटरच पडला. कारण चढावर वेळ अधिक जातो आणि उतार क्षणात संपतो. डोंगराळ मुलखात उताराच्या भरवशावर वेळ उधार घेऊ नये, हा धडा या लहानशा गणितात आहे.

म्हणून आपल्या तुकडीने सगळ्या वाटेसाठी ताशी बारा किलोमीटर हा वेग धरला. तोही तुकडीतील सर्वांत चपळ मुलाचा नव्हे, तर सर्वांत हळू जाणाऱ्याचा. पाऊणशे किलोमीटरांना सव्वासहा तास झाले. दर तासाला दहा मिनिटे विसावा, त्याचा एक तास. जेवणाचा एक तास. आणि पंक्चर, वाट चुकणे किंवा अन्य अडचणी यांसाठी राखून ठेवलेला एक तास. अशी सव्वानऊ तासांची बेरीज झाली. सकाळी सव्वासात वाजता निघालेली तुकडी सायंकाळी साडेचार वाजता परत येईल आणि सूर्यास्तापूर्वी दीड तासाहून अधिक वेळ हाती उरेल. योजना बसली.

जगभरच्या दूर पल्ल्याच्या सायकलस्वारांतही असाच हिशेब चालतो. फ्रान्समध्ये उगम पावलेल्या ब्रेव्हे नावाच्या दीर्घ प्रवासाचा प्रघात आता महाराष्ट्रातही रुजला आहे. त्यात दोनशे किलोमीटर अंतर साडेतेरा तासांत पुरे करावयाचे असते. पहिला कोण आला, याला तेथे महत्त्व नसते. प्रत्येकाने आपली अवजारे व आपले पाणी सोबत बाळगून ठरलेल्या वेळेत पोचावे, एवढीच अपेक्षा असते. अर्थात तो पल्ला प्रौढांचा आहे. परंतु त्यामागील शिस्त लहानांनाही घेण्याजोगी आहे.

आता दिशेचा विचार. हाच वळसा उलटाही घेता येईल. आधी मुरबाड आणि मग बारवी. तुकडीने तसे केले नाही, याला कारण आहे. चढाचा भाग सकाळच्या गारव्यात आणि ताज्या पायांनी उरकावा, हे बरे. शिवाय कल्याण ते बदलापूर हा पट्टा दाट वस्तीचा आहे. रविवारी भल्या सकाळी तो जितका मोकळा मिळेल, तितका दुपारी मिळणार नाही. या निवडीची किंमतही मोजावी लागते. दुपारनंतर समुद्राकडून वारा वाहू लागतो. मुरबाडहून कल्याणकडे पश्चिमेस येताना तो वारा तोंडावर आणि उतरते ऊन डोळ्यांवर येते. त्या रस्त्यावर मोठ्या वाहनांची वर्दळही असते. म्हणून शेवटच्या तीस किलोमीटरांसाठी अंगातले बळ राखून ठेवावे लागते. कोणत्याही योजनेत सगळे लाभ एकाच बाजूला नसतात. कोणता तोटा सोसवेल, हे पाहून निवड करावयाची असते.

यानंतर यंत्राची पाहणी. सायकल आदल्या सकाळीच तपासावी; निघण्याच्या घटकेला नव्हे. टायरांत हवा पुरेशी आहे ना, टायर कोठे चिरलेला नाही ना, दोन्ही ब्रेक घट्ट लागतात ना, साखळीला तेल आहे ना आणि चाकाच्या सर्व तारा ताठ आहेत ना, हे हात लावून पाहावे. बसण्याची उंची अशी असावी, की पायटा खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. ती फार कमी असली, तर गुडघे दुखू लागतात. तुकडीजवळ एक पंप, जादा ट्यूब, पंक्चर काढण्याचे सामान व पाने असावेत. आणि ते वापरता येणारे निदान दोघे असावेत. डोक्यावर हेल्मेट आणि सायकलीला मागे तांबडा परावर्तक असल्याशिवाय कोणी निघू नये.

शिदोरी साधी असावी. पोळी किंवा भाकरी, चटणी, गूळ-शेंगदाणे आणि केळी ही प्रवासाला उत्तम. एकाच वेळी पोट भरून खाण्यापेक्षा दर विसाव्याला थोडे थोडे खावे. पाणी तहान लागण्याची वाट न पाहता प्यावे. तासाला अर्धा लिटर धरले, तर सहा तासांना तीन लिटर झाले. एवढे ओझे वाहण्यापेक्षा दोन लिटर सोबत घ्यावे आणि बदलापूर व मुरबाड येथे बाटल्या भरून घ्याव्यात. पाण्यात चिमूटभर मीठ, थोडी साखर आणि लिंबू पिळले, म्हणजे घामावाटे गेलेले क्षार भरून येतात.

चालण्याचे नियमही आधीच ठरावेत. रस्त्याच्या डाव्या कडेने एकामागे एक जावे. एक जाणता माणूस सर्वांपुढे, त्याच्यामागे सर्वांत हळू जाणारा मुलगा आणि दुसरा जाणता माणूस सर्वांच्या शेवटी. हळू जाणारा पुढे असला, म्हणजे त्याचा वेग हाच तुकडीचा वेग होतो. तो मागे असला, की एकटा पडतो. उतारावर दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावेत आणि दोन सायकलींतील अंतर वाढवावे. बारवीचे पाणी कितीही शांत दिसो, त्यात उतरू नये. अनोळखी पाण्याचा तळ दिसत नाही आणि घामेजलेल्या, थकलेल्या अंगाला पोहण्याचे भान राहत नाही. वाटेवर ठाकर व कातकरी बांधवांच्या वाड्या आहेत. तेथे पाणी मागावे, ते नम्रपणे. आणि आपला केरकचरा आपल्याच पिशवीतून परत आणावा. डोंगराच्या कुशीत मोबाइलचा संपर्क तुटू शकतो. म्हणून कागदावरचा नकाशा जवळ असावा. मार्गाची व वेळांची एक प्रत घरी ठेवावी आणि संकटकाळी उपयोगी पडणारे ११२ व १०८ हे क्रमांक प्रत्येकाला पाठ असावेत.

एवढे सारे ठरले, तरी एक गोष्ट उरते; आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. परत कधी फिरायचे?

बारवी धरण कल्याणपासून सुमारे अठ्ठावीस किलोमीटरांवर येते. ताशी बारा या हिशेबाने दोन तास वीस मिनिटे आणि दोन विसाव्यांची वीस मिनिटे मिळून तुकडी दहाच्या आत तेथे पोचावी. येथवर अडचण आली, तर बदलापूरचे रेल्वेस्थानक जवळ आहे. पुढे मात्र मुरबाड येईपर्यंत रान आहे. धरणापासून उरलेल्या सत्तेचाळीस किलोमीटरांना विसावे, जेवण आणि राखीव तास धरून सहा तास पस्तीस मिनिटे लागतात. अकरा वाजता पुढे निघालेली तुकडी पाच वाजून पस्तीस मिनिटांनी घरी येईल. साडेअकराला निघालेली तुकडी सूर्यास्ताच्या काठावर पोचेल आणि एखादे पंक्चर अधिक झाले, तर मोठ्या वाहनांच्या रस्त्यावर अंधारात सापडेल. म्हणून तुकडीने घरी, शांत चित्ताने, एक नियम लिहून ठेवला : ‘अकरा वाजेपर्यंत धरण न आले, तर जेथे असू तेथून मागे.’

आता समजा, त्या दिवशी असे घडले. बदलापूर सोडल्यावर एका मुलाच्या मागच्या चाकाचा टायर एका टोकदार दगडाने फाटला. आतून जाड कापडाची घडी घालून तो कसाबसा चालता करण्यात पाऊण तास गेला. पुढे चढावर सर्वांत लहान मुलाच्या पोटरीत पेटके आले. अकरा वाजले, तेव्हा धरण दोन किलोमीटरांवर होते.

“दोनच तर किलोमीटर राहिले,” एक जण म्हणाला. “पंधरा मिनिटांत पोचू.”

ज्याची पोटरी दुखत होती, तो खाली मान घालून म्हणाला, “मी इथे सावलीत बसतो. माझ्यामुळे तुम्ही थांबू नका. परत येताना मला घेऊन जा.”

“पण आपण या वाटेने परत कुठे येणार?” पुढे चालणाऱ्या मोठ्यांनी शांतपणे विचारले. “आपला मार्ग मुरबाडवरून आहे. आणि तुला सोडून निघालो, तर ही तुकडी सहा जणांची होईल. आपण सात जणांची योजना केली आहे.”

क्षणभर कोणी बोलले नाही. मग ज्याने पंधरा मिनिटांचा हिशेब मांडला होता, त्यानेच खिशातून तो लिहिलेला कागद काढला. अकराचा आकडा त्याच्याच हस्ताक्षरात होता. त्याने कागदाची घडी घातली, सायकल वळविली आणि दुखऱ्या पायाच्या मित्राची पिशवी आपल्या सायकलीला अडकविली. तुकडी मागे फिरली. बदलापुरात सर्वांनी सावकाश जेवण केले आणि अंबरनाथचे मंदिर, जे सकाळी घाईत पाहिले होते, ते येताना निवांतपणे पाहिले. उजेड असतानाच सातही सायकली कल्याणात शिरल्या.

ही सहल फसली काय? धरण पाहावयाचे राहिले, हे खरे. परंतु नियम ज्या कामासाठी केला होता, ते काम त्याने केले. दमलेल्या आणि मोहात सापडलेल्या मनाने नीट विचार होत नाही. म्हणून विसावलेल्या मनाने आधी विचार करून ठेवावयाचा असतो. पुढे जाण्यास धैर्य लागते हे सर्वांना ठाऊक आहे. दोन किलोमीटरांवर आलेले स्थळ सोडून मित्रासाठी मागे फिरण्यास लागणारे धैर्य मात्र त्या पाच मुलांना त्या दिवशी समजले. पुढच्या सहलीसाठी त्यांनी सामानाच्या यादीत जाड कापडाची एक पट्टी वाढविली आणि चढाच्या आधी एक विसावा अधिक धरला. धरण तेथेच होते. जानेवारीचे आणखी रविवारही उरले होते.

शब्दार्थ

सोंड – मुख्य डोंगरापासून पुढे आलेला लांबट भाग
तांडा – एकत्र प्रवास करणाऱ्या व्यापाऱ्यांचा समुदाय
टाके – कातळात खोदलेला पाण्याचा साठा
शिदोरी – प्रवासात बरोबर घ्यावयाचे अन्न
प्रघात – रूढ पद्धत
परावर्तक – पडलेला प्रकाश मागे फेकणारी वस्तू
काय पाड – काय किंमत, काय महत्त्व

अभ्यास

१. पुढील प्रश्नांची उत्तरे लिहा.
(अ) तुकडीने सहलीसाठी जानेवारी महिना का निवडला? त्यात कोणती उणीव होती?
(आ) सर्वांत हळू जाणारा मुलगा पुढे का ठेवावा?
(इ) आधी बारवी व मग मुरबाड ही दिशा निवडल्याने कोणते लाभ व कोणते तोटे झाले?

२. चार किलोमीटरांचा चढ ताशी चार किलोमीटर वेगाने चढला आणि तेवढाच उतार ताशी सोळा किलोमीटर वेगाने उतरला, तर सरासरी वेग किती पडेल? उत्तर कसे काढले, ते आपल्या शब्दांत लिहा.

३. ‘पंधरा मिनिटांत पोचू’ असे म्हणणाऱ्या मुलाच्या मनात कागद काढताना कोणते विचार आले असतील? आठ ते दहा ओळी लिहा.

४. आपल्या गावाजवळील एखाद्या स्थळी एका दिवसात जाऊन येण्याची योजना तयार करा. अंतर, वेळ, पाणी, शिदोरी आणि परत फिरण्याची वेळ यांचा तक्ता करून वर्गात वाचून दाखवा.